वीस मिलिमीटरचा आस

नाफडेनं सायकलचं पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत करकचून धरलं, हँडल पकडलं आणि ओला टॉवेल पिळावा तसा तो ते पिळायला लागला. दुकानात त्या वेळी एक बाई मुलीसाठी गुलाबी सायकल बघत होत्या. त्यांनी मुलीला हळूच आपल्या मागं घेतलं.

"बघ," नाफडे मला म्हणाला. "चाक इकडं, हँडल तिकडं. दिसतंय?"

मला काहीही दिसत नव्हतं. पण मी पर्चेस खात्यात होतो, आणि न दिसलेल्या गोष्टींवर सही करायची मला सवय होती.

"दिसतंय," मी म्हणालो.

"फ्लेक्स आहे. जोर लावला की वाकतंय. प्रचंड फ्लेक्स आहे."

"सर, असणारच ना," केतन भोंडवे काउंटरमागून म्हणाला. "नऊ एमएमचा अ‍ॅक्सल म्हणजे सर, आता म्युझियममध्ये. लोक माझ्याकडं येतात, म्हणतात केतनशेठ, चाक ऐकत नाही. मी आधी अ‍ॅक्सल बघतो. नऊ दिसला की म्हणतो, साहेब, चाकाचं काय चुकलं?"

केतनच्या वडिलांची रावेतला जमीन होती. तिथं आता चौदा मजली इमारती उभ्या आहेत. त्यातून केतनला हे दुकान मिळालं आणि जगातल्या कुठल्याही विषयावर ठामपणे बोलायचा आत्मविश्वास मिळाला. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला विकताना फार आनंद व्हायचा.

ज्यांना सायकलीतलं कळत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. मलाही तेव्हा एवढंच कळत होतं. डोंगरावरच्या सायकलीला पुढं फोर्क असतो, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे दोन पाय. आत हवा नाहीतर स्प्रिंग, त्यामुळे दगडावरचा धक्का हातापर्यंत येत नाही. या दोन पायांच्या तळाशी, चाकाच्या मधोमध जो दांडा असतो तो अ‍ॅक्सल. जुन्या सायकलींत तो पेन्सिलीएवढा बारीक असतो, नुसता खाचेत बसवून खटका दाबला की झालं. नव्यांत तो अंगठ्यासारखा जाड असतो, एका पायातून शिरून चाकातून आरपार जातो आणि पलीकडच्या पायात आट्यांवर घट्ट बसतो. मग दोन पाय वेगवेगळे डुलत नाहीत, एकजीव होतात. चाक सांगाल तिकडं जातं. निदान केतनचं तसं म्हणणं होतं, आणि नाफडेनं त्यावर तीन रविवार वाचन केलं होतं.

"पंधराचा घेतो," नाफडे म्हणाला. "फोर्क, चाकाचा हब, सगळं पंधराचं."

"शिडी यंदा चुटकीसरशी, सर."

शिडीसाठीच हे सगळं चाललं होतं.

देहूरोडच्या पुढं एक डोंगर आहे. त्याच्या उतरणीवर एका जागी काळ्या कातळाच्या पायऱ्या पडल्यात. त्या कुणी घडवलेल्या नाहीत, पावसानं पाडल्यात. त्या जागेला सगळे शिडी म्हणतात. केतन दर जानेवारीत तिथं उतरणीची शर्यत घ्यायचा. पहिला कोण आला याला तिथं फारशी किंमत नव्हती. शिडीपाशी एक परीक्षक उभा असायचा, आणि सायकलवाल्याचा पाय जमिनीला लागला की तो जिवाच्या आकांतानं ओरडायचा, "पाऽऽय!" मग खालपर्यंत सगळी गर्दी तेच ओरडायची. पाय न लागता जे उतरले, त्यांची नावं लोक वर्षभर घ्यायचे. नाफडे चार वर्षं उतरत होता. चारही वर्षं "पाऽऽय!" झालं होतं. तो सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि त्याला आयुष्यात बाकी काहीही नको होतं. प्रमोशन नको होतं, मोठा फ्लॅट नको होता. एकदा शिडी अशी उतरायची की तो परीक्षक गप्प बसला पाहिजे.

मी स्वतः सायकल चालवायचो ती पोटासाठी. पोट भरायला नव्हे, कमी व्हायला.

*

नाफडे आणि मी चाकणच्या एका कंपनीत होतो. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग करायची कंपनी. तो क्वालिटीचा मॅनेजर. क्वालिटीत एक पद्धत असते: माल खराब निघाला की "का?" विचारायचं. उत्तर आलं की त्यावर पुन्हा "का?" असं पाच वेळा. पाचव्याला मूळ कारण हाती लागतं, असा जपानी लोकांचा अनुभव आहे. नाफडे दिवसभर का, का करत हिंडायचा, म्हणून कारखान्यातले लोक पाठीमागं त्याला काका म्हणायचे. त्याला ते माहीत होतं. तो म्हणायचा, आदर वाढलाय.

कारणं शोधायच्या चार जागा ठरलेल्या असतात: मशीन, मटेरियल, मेथड आणि मॅन. त्यातलं मटेरियल म्हणजे मी. त्यामुळे आमची मैत्री भांडणातून झाली.

चौथ्या जागेबद्दल मात्र नाफडेचा एक कायदा होता. मीटिंगमध्ये कुणी "ऑपरेटरचं लक्ष नव्हतं" म्हणालं की तो हातातला खडू खाली ठेवायचा आणि सगळे गप्प होईपर्यंत थांबायचा.

"माणूस हे उत्तर नाही," तो म्हणायचा. "माणसावर बोट ठेवलं की विचार बंद पडतो. लक्ष का नव्हतं? तिथून पुढं बोला."

एकदा असेंब्लीवरच्या गवारेबाईंना काढायचं जवळजवळ ठरलं होतं. त्यांच्या हातून दुपारी खराब माल पास व्हायचा. नाफडे त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं की दुपारी खिडकीतून उन्हाची तिरीप बरोबर मापकाच्या काचेवर पडते आणि काटा दिसेनासा होतो. पडदा लावला. बाई राहिल्या. त्यानंतर आमच्या कंपनीत कुठल्याही खराब मालाला माणूस जबाबदार धरला गेला नाही. ही गोष्ट मी थट्टेनं सांगत नाही. त्या कंपनीत मला आदर वाटावा अशा फार गोष्टी नव्हत्या, त्यांतली ही एक.

*

पंधराचा फोर्क बसला. दुकानात नाफडेनं चाक पुन्हा गुडघ्यांत धरून पिळून पाहिलं. "दगड," तो खूश होऊन म्हणाला. "हलतच नाही."

रविवारी सकाळी आम्ही डोंगरावर. मी शिडीच्या खाली उभा, तो वरून आला. पहिल्या तीन पायऱ्या छान उतरला, चौथीला पुढचं चाक डावीकडं असं काही गेलं की जणू त्याला तिकडं कुणी ओळखीचं दिसलं. नाफडेनं पाय टेकला.

"पाऽऽय!" मी ओरडलो. मित्र म्हणून तेवढं कर्तव्यच होतं.

तो कातळावर बसला. हेल्मेट काढलं नाही, ग्लोव्हज काढले नाहीत.

"पाय का लागला?" तो स्वतःलाच विचारायला लागला. "चाक डावीकडं गेलं. का गेलं? हँडल वळलं. का वळलं?"

"का वळलं?" मी.

"अजून कुठंतरी फ्लेक्स आहे."

"आणि चालवणारा?"

"म्हणजे?"

"म्हणजे चालवणाऱ्यानंच वळवलं असेल तर? दमला असेल, वय झालं असेल."

"उपासनी," तो अत्यंत शांतपणे म्हणाला, "ते ऑपरेटरवर गेलं. ते उत्तर नाही."

मग आम्ही वडापाव खाल्ला.

पुढच्या काही आठवड्यांत त्यानं पकडीचे रबर बदलले, कारण घसरतात. डावा ब्रेक बदलला, कारण तो उजव्यापेक्षा जड लागतो. केतननं जुना ब्रेक दाबून बघितला, आपल्या अनुभवानुसार मान हलवली आणि नवा काढून दिला. पुढचा टायर बदलला. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन नाहीत, म्हणजे फरक कशानं पडला ते कळतं. फरक पडत नव्हता. उलट आता दुसऱ्या पायरीलाच पाय लागायला लागला होता.

"वीसच पाहिजे," नाफडे म्हणाला.

"सर, वीस म्हणजे मोटारसायकलचं काम," केतन म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर एखाद्या मुलाच्या बारशाचा आनंद पसरला. "बाहेरून मागवायला लागेल. पण एकदा बसला की सर, खाली रणगाडा."

*

त्या शनिवारी संध्याकाळी मी नाफडेच्या घरी चहाला गेलो. निगडीला, प्राधिकरणात. वृंदावहिनी शाळेत मराठी शिकवायच्या. टेबलावर निबंधांच्या वह्या होत्या आणि त्यांच्या बोटाला लाल शाई.

"मागवला का तो दांडा?" त्यांनी विचारलं.

"अ‍ॅक्सल," नाफडे म्हणाला.

"त्याला मराठीत आस म्हणतात."

"काहीतरी काय!"

"शब्दकोश काढू? चाकाचा आस. तो आस. पुल्लिंगी." वहिनींनी माझ्यापुढं चकलीची ताटली सरकवली. "ती आस वेगळी. ती माणसाला लागते. तुम्ही दोघांनी फक्त लिंग सांभाळा, म्हणजे घोळ व्हायचा नाही."

"म्हणजे मी नऊचा काढून वीसचा आस घालतोय," नाफडे म्हणाला. "ऐकायला किती कायतरीच वाटतं."

"भावजी, तुम्हाला म्हणून सांगते," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज थोडा लाजरा झाला. "या सायकलीनं एक मात्र चांगलं केलं. माणूस रसिक झालाय. सकाळी शाळेची घाई असते, पोळ्या व्हायच्या असतात, आणि हे समोर येऊन उभे. बटणं तूच लाव म्हणतात. लग्नाला बावीस वर्षं झाली, आत्ता सुचतंय यांना."

मी नाफडेकडं बघून हसलो. तो हसला नाही. कपात बघत होता. कप त्यानं उजव्या हातात धरला होता, डावा मांडीवर, उशीवर झोपवल्यासारखा ठेवलेला.

"नव्या शर्टांची काजं लहान करतात हल्ली," तो म्हणाला. "बटण जातच नाही. मटेरियलचा प्रॉब्लेम आहे."

"आलंच माझ्यावर," मी म्हणालो.

सगळे हसलो. वहिनी सगळ्यात जास्त.

*

वीसचा फोर्क आला तेव्हा शर्यत पंधरवड्यावर होती. केतन स्वतः घरी येऊन बसवून गेला. असा ग्राहक रोज मिळत नाही, तेव्हा एवढी घरपोच सेवा तर हवीच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती सायकल उभी होती. पुढचे पाय माझ्या मनगटाएवढे जाड, आणि मधोमध तो दांडा, अंगठ्याहून जाड, काळा, चकचकीत.

नाफडेनं चाक गुडघ्यांत धरलं आणि हँडल पिळलं.

"दगड," तो म्हणाला. पण या वेळी खूश झाला नाही. "पंधराचाही दगडच होता," तो म्हणाला. "दुकानात. डोंगरावर नव्हता. म्हणजे ही परीक्षाच चुकतेय. धरणारा आणि पिळणारा एकच माणूस, म्हणून. तू धर."

"काय धरू?"

"चाक. गुडघ्यांत. मी पिळतो. तुला काय जाणवतं ते सांग."

मी चाक गुडघ्यांत घेतलं. शेजारून सोसायटीचे चेअरमन कुत्रा घेऊन चालले होते, त्यांनी नमस्कार केला आणि पावलांचा वेग वाढवला. नाफडे समोर उभा राहिला, त्यानं हँडल धरलं.

"डावीकडं," तो म्हणाला आणि जोर लावला. माझ्या गुडघ्यावर चाक जोरात दाबलं गेलं. चांगलंच दुखलं.

"आता उजवीकडं."

मी वाट बघितली.

"लाव ना जोर," मी म्हणालो.

"लावलाय."

"उजवीकडं?"

"लावलाय, उपासनी."

मी वर बघितलं. त्याच्या मानेची शीर टरारून फुगली होती. दात आवळलेले होते. डावीकडं पिळताना उजव्या हातानं अंगाचा भार टाकून ढकललं होतं; आता तो हँडल ओढत होता, पण त्याच्या जोडीनं डाव्यानं ढकलायला हवं होतं, आणि डावा नुसता हँडलवर ठेवलेला होता. माझ्या गुडघ्यापर्यंत पोचत होता तो अर्धाच जोर. दुसरा अर्धा वाटेतच कुठंतरी हरवत होता, आणि वाटेत त्याच्या हाताशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला.

पुन्हा एकदा केलं. मग पुन्हा.

"आता उलट," तो म्हणाला. "मी धरतो, तू पीळ."

त्यानं चाक गुडघ्यांत धरलं, मी हँडल पिळलं. दोन्हीकडं सारखं. दोन्हीकडं दगड. नाफडेच्या गुडघ्यांना ते कळलं, आणि ते कळताना मी त्याचा चेहरा बघितला. एखादा माल नेमका कुठं फेल होतो हे सापडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते क्षणभर आलं. सवयीनं. मग गेलं.

"नाफडे," मी म्हणालो, "फोर्क नाहीये. तुझा डावा हात आहे."

मला वाटलं तो चिडेल. खडू खाली ठेवेल. त्यानं दातांनी वेल्क्रो सोडवला आणि डाव्या हातातला ग्लोव्ह ओढून काढला. कित्येक महिन्यांत त्याचा तो हात मी उघडा, असा जवळून, बघितलाच नव्हता. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये मांसाचा उंचवटा असतो, आपल्या सगळ्यांना असतो. तिथं खड्डा होता. पानपट्टीच्या चुन्याच्या डबीत बोट फिरवल्यावर राहतो तसा. आणि त्या खड्ड्यातली कातडी आपोआप फडफडत होती, आत एखादं पाखरू अडकल्यासारखी.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

नाफडेनं हाताकडं बघितलं, मग सायकलीकडं.

"नऊचा होता तेव्हापासून," तो म्हणाला.

*

डॉक्टरबाई तरुण होत्या. पारसनीस नाव. त्यांनी नाफडेच्या हातापायांत सुया टोचून तपासण्या केल्या होत्या, मानेचे फोटो काढले होते, रक्त घेतलं होतं, आणि आता सगळं समोर ठेवून बसल्या होत्या. आम्ही तिघं पलीकडं. वहिनींनी पर्स मांडीवर उभी धरली होती.

डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. मेंदूकडून स्नायूंकडं निरोप नेणाऱ्या नसा मरत जातात. आधी हात, मग बाकीचं. श्वासाचे स्नायू शेवटी. औषध आहे, पण ते थोडं लांबवतं, थांबवत नाही. त्यांनी हे सगळं सभ्यपणे, एकही शब्द न लपवता सांगितलं, आणि पुढं तसंच झालं. त्यांच्या सांगण्यातला एकही टप्पा चुकला नाही. त्या टप्प्यांबद्दल मी इथं लिहिणार नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

"का?" नाफडेनं विचारलं.

"काय का?"

"नसा का मरतात?"

"निश्चित सांगता येत नाही."

"तुम्हाला, का कुणालाच?"

"कुणालाच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थोड्या लोकांत आनुवंशिक असतं, तुमच्यात तसं दिसत नाही. बाकीच्यांत कारण सापडत नाही."

"मी काही केलं का? खाणं, काम, सायकल?"

"नाही. तुमची काही चूक नाही, मिस्टर नाफडे."

मी त्याच्याकडं बघितलं. वीस वर्षं त्यानं हे वाक्य दुसऱ्यांना मिळवून दिलं होतं. आज त्याला मिळालं तेव्हा त्याचं काय करायचं ते त्याला कळेना.

"हँडल किती दिवस धरता येईल?" त्यानं विचारलं.

"सायकल आता नकोच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पडाल. पायांना अजून वेळ आहे, पण हात..."

"येत्या रविवारपर्यंत?"

वहिनींची पर्स मांडीवरून खाली पडली. ती उचलायला मी वाकलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ खालीच राहिलो.

बाहेर लिफ्टपाशी नाफडे मला म्हणाला, "पहिल्याच 'का'ला संपलं रे. दुसरा विचारायलाही जागा नाही. असला रिपोर्ट कुणी माझ्याकडं आणला असता तर मी परत पाठवला असता."

*

शर्यतीच्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये नवरा-बायकोचं भांडण झालं. मी सायकल गाडीवर चढवायच्या निमित्तानं तिथंच होतो.

"पडलात तर?" वहिनी म्हणाल्या.

"पडलो तर प्लास्टर."

"आणि डोक्यावर पडलात तर?"

"वृंदा, तू ऐकलंस ना बाईंनी काय सांगितलं ते? सगळं ऐकलंस ना?" नाफडे म्हणाला. "मग मला पडायची भीती कशाला घालतेस?"

वहिनी त्याच्या डाव्या हाताशी गेल्या, ग्लोव्ह चढवला, एकेक बोट नीट आत बसवलं आणि मनगटावरचा पट्टा ओढून बांधला. लहान मुलाला शाळेत पाठवताना करतात तसं नाही. एखादं काम बरोबर करायचं असतं तेव्हा करतात, तसं.

"अजून घट्ट," नाफडे म्हणाला.

त्यांनी अजून घट्ट केला. डोंगरावर त्या आल्या नाहीत. वह्या तपासायच्यात म्हणाल्या.

केतननं यंदा लाउडस्पीकर लावला होता. कुठल्याशा प्रोटीन पावडरवाल्यांचे झेंडे होते, आणि एक निवेदक होता ज्याला प्रत्येक सायकलस्वार "पुण्याची शान" वाटत होता. शिडीपाशी पन्नासेक लोक कातळांवर बसले होते. परीक्षक म्हणून केतनचा कुणी चुलता होता, त्याचा आवाज ऐकूनच त्याला नेमला असावा. एकेक जण वरून यायचा, शिडीवर चाक घालायचा, आणि चुलता ओरडायचा, "पाऽऽय!" गर्दीही ओरडायची. सगळे मजेत होते.

नाफडे वर दिसला तेव्हा मी शिडीच्या तळाशी उभा होतो. तो थांबला नाही. त्यानं अंग मागं टाकलं, सीटच्याही मागं, आणि उजवा खांदा पुढं काढला. एरवी तो असा उतरत नसे. आठवडाभरात त्यानं मेथड बदलली होती: चाकाला सांगायचं काम सगळं उजव्याचं. डाव्यानं फक्त हजर राहायचं. पहिली पायरी. दुसरी. तो जाड फोर्क प्रत्येक दगडावर खाली बसत होता आणि उठत होता, आणि चाक सरळ येत होतं. चौथी पायरी आली. चाक डावीकडं झुकलं. नाफडेचा उजवा हात असा काही ओढला गेला की मला त्याच्या खांद्याचा सांधा निखळला असं वाटलं. चुलत्यानं तोंड उघडलं.

चाक परत आलं.

पाचवी. सहावी. मग माती. चुलत्यानं तोंड मिटलं. क्षणभर कुणालाच काय ओरडायचं ते कळेना, कारण सवय नव्हती, आणि मग सगळ्यांनी एकदम शिट्ट्या मारल्या.

नाफडे माझ्या शेजारून पुढं गेला, करवंदीच्या जाळीपाशी थांबला, आणि तिथं पहिल्यांदा त्याचा पाय जमिनीला लागला. मी धावत गेलो. मी काहीतरी मूर्खासारखं ओरडत होतो. तो सायकलीवरून उतरला नव्हता. हेल्मेटच्या आत त्याचा चेहरा घामानं भिजला होता.

"अरे उतरलास!" मी म्हणालो. "पाय नाही! अजिबात नाही!"

"सोडव," तो म्हणाला.

"काय?"

"हळू बोल. हात. उघडत नाहीये."

मी बघितलं. डाव्या हाताची बोटं हँडलभोवती मिटली होती. तो ती उघडायचा प्रयत्न करत होता, हे फक्त त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं. मनगटाच्या पुढं काहीच हलत नव्हतं. मी त्याच्यापुढं असा उभा राहिलो की लोकांना मी मिठी मारतोय असं वाटावं, आणि आधी करंगळी धरली. ती ताठ होती आणि गार होती. ती उघडली, तर शेजारचं बोट सोडवेपर्यंत पुन्हा मिटली. मग मी ती माझ्या तळव्याखाली दाबून ठेवली आणि पुढचं उघडलं. मग मधलं. मग पहिलं. अंगठा सगळ्यात शेवटी. सगळी बोटं सुटली तेव्हा मी तो हात तसाच माझ्या हातात धरून ठेवला, कारण खाली सोडायचा म्हटलं तर तो लोंबकळला असता आणि लोकांनी बघितलं असतं.

"सर!" केतन धापा टाकत आला, मागं फोटोग्राफर. "बघितलं? काय म्हटलं होतं मी? वीस एमएम! खाली रणगाडा!"

मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं.

"बरोबर आहे तुझं," नाफडे म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा होता. "फोर्कच होता, केतन."

"मशीन, सर! शेवटी मशीन!"

"हो," नाफडे म्हणाला.

फोटो काढला गेला. तो माझ्याकडं आहे. त्यात दोन मध्यमवयीन माणसं एकमेकांचा हात धरून उभी आहेत, आणि एक जण फार आनंदात आहे. तो केतन.

तेवढ्यात वर शिडीवर पुढचा सायकलस्वार दिसला. निवेदकानं त्याचं नाव घेतलं, पुण्याची शान म्हणाला, आणि सगळ्यांना विनंती केली की या तरुणासाठी जोरदार टाळ्या होऊ द्यात. कातळांवरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. नाफडेनंही सवयीनं उजवा हात उचलला, आणि तो हवेत तसाच राहिला. समोर वाजवायला दुसरा नव्हता, तो माझ्या हातात होता.

त्यानं उजवा खाली घेतला.

"माझ्या वाटच्याही तूच वाजव," तो मला म्हणाला. "जोरात. पोरगं पहिल्यांदाच उतरतंय."

त्याचा डावा हात मी त्याच्या पोटाशी नीट टेकवून ठेवला, आणि टाळ्या वाजवायला लागलो.